शिमाचा कातळकिनारा

सईदाला समुद्राचं कौतुक कधीच नव्हतं. दाभोळच्या खाडीकाठी ज्या मोहल्ल्यात ती वाढली, तिथल्या निम्म्या घरांतले पुरुष जहाजांवर असत. तिचे वडील सुकाणी होते. दोन-दोन वर्षांनी घरी येत. एकदा ते आले तेव्हा लहानग्या सईदाने दार उघडून त्यांना सांगितलं होतं, "मामू, अब्बा घरी नाय." घरातले सगळे हसले. वडील हसले नाहीत, आणि तेच तिच्या लक्षात राहिलं.

म्हणून लग्न ठरताना तिने आईकरवी एकच गोष्ट विचारून घेतली. मुलगा जहाजावर नाही ना? नव्हता. अशरफ बामणे कुवेतला, अहमदीच्या एका वर्कशॉपात पंप दुरुस्त करायचा. सईदा निकाहनंतर फहाहीलला आली, एका बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वरच्या दोन खोल्यांत संसार मांडला, आणि दोन वर्षं बरी गेली. मग कुवेतचे स्वतःचे तेलाचे टँकर वाढू लागले, त्यांना इंजिनरूमची माणसं हवी होती, आणि अशरफ एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "मला टँकरवर घेतलाय."

ती भांडली नाही. तिने फक्त जेवण वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

त्यानंतर चार वर्षं सईदा गच्चीवरून जहाजं बघत होती. फहाहीलच्या गच्चीवरून जेटीला लागलेले टँकर दिसत. त्यांतला अशरफचा टँकर ती धुरांड्याच्या रंगावरून आणि पुढच्या एका वाकड्या काठीवरून ओळखायला शिकली. खाली समुद्र असा पसरलेला की तो कुठे सुरू होतो तेच कळू नये. रेती फिकट, पाणी फिकट, वर आभाळही फिकट. ओहोटीला पाणी इतकं मागे जायचं की पोरं त्या ओल्या रेतीत फुटबॉल खेळत. शेजारची शरीफा पहाटे इतर बायांबरोबर कपड्यांसकट त्या पाण्यात बसायला जायची आणि सईदाला बोलवायची. सईदा कधी गेली नाही.

चौसष्ट सालच्या वसंतात तिचा मामेभाऊ फारूक बातमी घेऊन आला. शुऐबाला नवं बंदर उभं राहत होतं आणि तिथल्या वर्कशॉपला टँकरवर काम केलेला इंजिनियर हवा होता. रोज संध्याकाळी घरी येता येईल.

"विचार करतो," अशरफ म्हणाला.

फारूक गेल्यावर सईदा म्हणाली, "विचार करतो म्हणजे नाय."

"तसं नाय. पण मी आता सेकंड इंजिनियर आहे, सईदा. एवढं मोठं इंजिन माझ्या हातात आहे. ते सोडून परत पंप उघडत बसू?"

"मग मला एकदा घेऊन चला. अफसरांच्या बायकांना नेतात, तुम्हीच सांगितलंत. तुमाला तिथं काय सापडतं ते मला बघू दे. मग काय ते ठरवा."

अशरफने तिच्याकडे बघितलं. ती मस्करी करत नव्हती. त्याने कप्तानाला विचारलं, आणि मे महिन्यात सईदा एक ट्रंक, कोकमाची बरणी आणि सुक्या बोंबलांची घट्ट बांधलेली पिशवी घेऊन टँकरची शिडी चढली.

प्रवासाबद्दल तिला नंतर फार सांगता यायचं नाही. पहिला आठवडा ती आडवी होती. मग उठली, आणि एकदा अशरफबरोबर इंजिनरूमच्या वरच्या जाळीवर जाऊन उभी राहिली. खालून भट्टीसारखी धग आली. तिथं, खोल खाली, तिचा नवरा एका पाइपाला कान लावून उभा असायचा, रोज, सगळ्या वाटेवर. तो वर यायचा तेव्हा शर्ट घामाने निथळत असायचा. त्याला समुद्र दिसतच नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. सगळा समुद्र ओलांडून जाणारा हा माणूस एका लोखंडी विहिरीच्या तळाशी बसून प्रवास करत होता.

जपान आलं तेव्हा ती आणखीच हिरमुसली. योक्काइचीच्या बंदरात चिमण्या, टाक्या, पाइप आणि पिवळट धूर. "हे तर अहमदीच," ती म्हणाली. अशरफ हसला, कारण त्यालाही इतक्या फेऱ्यांत जपान म्हणून एवढंच माहीत होतं.

पण या वेळी टँकरच्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यात बिघाड निघाला आणि जहाज गोदीत घ्यावं लागलं. इंजिनियरांना पाळीपाळीने सुट्टी मिळाली. बंदरावरच्या एजंटाच्या कचेरीत तोमिए नावाची एक तरुण मुलगी टाइपिंग करायची. तिला मोडकं इंग्रजी येत होतं आणि अशरफचं इंग्रजीही तेवढंच मोडकं होतं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं; ऐकून ऐकून सईदानेही चार शब्द उचलले. सईदा नुसती बसून आहे हे पाहून ती म्हणाली, शनिवारी मी घरी जाणार आहे, शिमाला. समुद्रकाठचं गाव आहे. तुम्ही दोघं चला.

"समुद्रच बघायचा तर इथं काय कमी आहे?" सईदा मराठीत पुटपुटली. अशरफने ते भाषांतर केलं नाही.

आधी आगगाडी, मग एका डोंगराळ वाटेची बस. बस वळणं घेत चढली, दोन्ही बाजूंनी गर्द झाडी आली, आणि सईदा खिडकीला नाक लावून बसली. कुवेतला आल्यापासून तिने एवढा हिरवा रंग एका जागी पाहिला नव्हता. मग बस एका खिंडीतून बाहेर पडली आणि ड्रायव्हरने ती थांबवली, कारण तोमिएने त्याला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, इथून पायी जाऊ.

समोर जमीन संपत होती. पण फहाहीलसारखी हळूहळू विरघळत नव्हती. ती तुटली होती. काळेकभिन्न कडे सरळ पाण्यात उतरले होते, आणि त्यांच्या पुढे, पाण्यात, सुटे झालेले कातळ उभे होते. काही घराएवढे, काही मशिदीच्या मिनाराएवढे, एक तर मधोमध आरपार भोक पडलेला, आणि त्या भोकातून निळं पाणी आत-बाहेर करत होतं. प्रत्येक कातळाच्या माथ्यावर वाऱ्याने वाकवलेली देवदाराच्या जातीची झाडं, मूठभर मातीत मुळं रुतवून. लाट लांबून येताना दिसायची, गुळगुळीत, जड, कुठलीही घाई नसलेली. कातळाला भिडली की आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग पांढरा भिंतीएवढा फवारा वर चढायचा, क्षणभर थांबायचा, आणि तो खाली कोसळताना आवाज पोचायचा, पायाखालच्या दगडातून, तळव्यातून.

"सुभानल्ला," अशरफ हळूच म्हणाला.

सईदाने चपला काढल्या. का काढल्या ते तिला सांगता आलं नसतं. दगड ऊन होता. दाभोळच्या बाजूलाही कातळ होता, त्यावर तिने कालवं काढली होती, पण तो कातळ माणसांच्या वापरातला होता, त्यावर जाळी सुकत, पोरं मुतत. हा कुणाच्याच वापरातला वाटत नव्हता. हे सगळं रोज असंच चालू असतं, कुणी बघो न बघो, हा विचार तिच्या मनात आला आणि अंगावर काटा आला. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. शेवटी तोमिएने तिचा हात धरला तेव्हा ती भानावर आली.

तोमिएचं घर कड्याखालच्या एका लहानशा खोबणीत होतं. तिची आई किनू, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, त्यांना बघून इतकी वाकली की सईदाही गडबडीने वाकली. वडील बारीक, गप्प, उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. जेवणात भात आणि मासे होते. सईदाने आपल्या पिशवीतले बोंबील काढून चुलीवर भाजून दिले. किनूने एक तुकडा चावला, डोळे मिटले आणि लेकीला काहीतरी म्हणाली.

"आई विचारते," तोमिए म्हणाली, "हा मासा कोणत्या बाईने आणला?"

"बाईने?" अशरफने विचारलं. "मासे बाप्ये आणतात."

तोमिएने ते आईला सांगितलं. किनू तोंडावर हात ठेवून हसली, आणि म्हणाली, उद्या सकाळी होडीत या.

सकाळी ते होडीत बसले. तोमिएचे वडील वल्हं मारत होते. किनूने अंगभर पांढरे सुती कपडे घातले होते, डोक्याला पांढरं फडकं, डोळ्यांवर काचेचा चष्मा, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक होडीतल्या एका कप्पीवरून नवऱ्याच्या हातात. आरपार भोक असलेल्या त्या कातळाच्या मागे होडी थांबली. खाली पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं होतं आणि तळ दिसत नव्हता.

सईदाला आत्ता उमगलं. "ही उतरणार? नवरा वर बसणार आणि ही उतरणार?"

"इथं बायकाच उतरतात," तोमिए म्हणाली. "आजी पण उतरायची. आजीची आई पण."

किनूने एक लोखंडी वजन छातीशी धरलं, दोन-तीनदा खोल श्वास घेतला, आणि होडीच्या काठावरून अशी गेली जशी एखादी बाई ओट्यावरून उतरून आत जाते. दोरी सरसर सुटू लागली. सुटतच राहिली. मग थांबली.

कुवेतमध्ये सईदाने मोती काढणाऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिथं बुडी मारणारे पुरुष आणि महिनोन् महिने किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बायका. हे उलटं होतं. ती पाण्याकडे बघत नव्हती, किनूच्या नवऱ्याकडे बघत होती. तो दोन्ही हातांत दोरी सैल धरून बसला होता, तीन बोटांचा हात पुढे. डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण गळ्याची एक शीर उडत होती. वेळ गेला. लाटेने होडी वर उचलली, खाली ठेवली. आणखी वेळ गेला. अशरफ अस्वस्थ होऊन अर्धा उठला आणि त्याचा हात दोरीकडे गेला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे न बघता डावा हात पसरून त्याला अडवलं.

मग दोरी हलली. एवढीशी, मासा चाटून जावा तशी. आणि तो बारीक, गप्प माणूस असा काही उसळला की होडी तिरकी झाली. कप्पी किंचाळू लागली, दोरीची वेटोळी त्याच्या पायाशी पडू लागली, पाठीची हाडं शर्टातून दिसू लागली. हिरव्या पाण्यात काहीतरी पांढरं उमटलं, मोठं झालं, आणि किनूचं डोकं वर आलं.

तिने तोंड उघडलं आणि शीळ वाजली. लांब, बारीक, थरथरणारी. ती शीळ घालत नव्हती, तिचा अडवलेला श्वास तसा बाहेर पडत होता. कड्यावर ती शीळ आपटून परत आली, आणि जरा पलीकडून, दुसऱ्या कातळामागून, दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या श्वासाने तिला उत्तर दिलं. मग आणखी लांबून तिसरीने. सईदाने मान वळवून बघितलं. त्या एवढ्या अफाट कातळांमध्ये ठिकठिकाणी पांढरी डोकी वर येत होती, शीळ वाजत होती, आणि परत नाहीशी होत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं हे तिला अशरफने रुमाल पुढे केला तेव्हा समजलं.

किनूने होडीत टाकला तो हाताच्या पंजाएवढा, कानाच्या आकाराचा शिंपला होता. आतून इंद्रधनुष्य सांडल्यासारखा. तिने होडीचा काठ धरून दम घेतला, आणि परत गेली.

दुपारी बायका किनाऱ्यावरच्या एका झोपडीत शेकायला बसल्या. तिथं पुरुषांना मज्जाव होता. सईदा तोमिएबरोबर आत गेली. जाळाभोवती सात-आठ बायका, ओले केस, लाल झालेले गाल, एकमेकींची चेष्टा. सईदाने आपल्या चार इंग्रजी शब्दांनी आणि खुणांनी विचारलं, "भीती नाय वाटत?"

किनूने जाळात एक काटकी सारली. तोमिए थांबत थांबत सांगत गेली. लढाईच्या वर्षांत किनूच्या नवऱ्याला आरमारात नेलं होतं. तेव्हा होडीत कुणी नव्हतं, म्हणून किनू काठाकाठाने, उथळ पाण्यातच बुडायची. तो कुठे आहे ते माहीत नव्हतं. "आई म्हणते, भीती तेव्हा वाटायची. काठावर." मग तो दोन बोटं गमावून आला. गावातल्या लोकांना वाटलं, आता याच्या हातात कोण दोरी देणार. किनूने दुसऱ्याच दिवशी दिली.

"आणि त्याला?" सईदाने विचारलं. "त्याला भीती वाटत असेल ना, वर बसून?"

तोमिएने विचारलं तेव्हा सगळ्या बायका हसल्या. किनू हसली नाही. ती म्हणाली, रोज वाटते. तो सांगत नाही. घरी आल्यावर अंघोळीचं गरम पाणी मी आधी त्याला देते.

सईदा जाळाकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं ते तोमिएला दोनदा समजून घ्यावं लागलं. "मला उतरवाल?"

कड्याच्या आडोशाला, लाट न पोचणारं पाण्याचं एक खोल कुंड होतं. गावातल्या मुली तिथंच शिकायच्या. किनूने आपले पांढरे कपडे सईदाला तिच्या सलवारीवरून चढवले, केस फडक्यात बांधले, कमरेला दोरी बांधली. मग दोरीचं टोक घेऊन ती अशरफकडे गेली आणि त्याच्या हातात दिलं.

"सईदा, हे काय?" अशरफ म्हणाला. "तुला पोहता नाय येत."

"म्हणून तर दोरी आहे."

"अगं, पण मला कळणार कसं, कधी ओढायचं ते?"

"मी हलवीन."

"आणि नाय हलवलीस तर?"

तिने त्याच्याकडे बघितलं. चार वर्षं गच्चीवर उभं राहून तिने नेमकं हेच स्वतःला विचारलं होतं. काचेचा चष्मा डोळ्यांवर ओढून, किनूचा हात धरून ती कुंडात उतरली. पाणी इतकं थंड होतं की छातीच आवळली. किनूने बोटाने दाखवलं, श्वास घे, आणि दोघी खाली गेल्या.

खाली जंगल होतं. तपकिरी, सोनेरी पानांचं, माणसापेक्षा उंच, आणि ते सगळं एकदम एका बाजूला झुकत होतं आणि एकदम परत येत होतं, जणू कुणी श्वास घेत होतं. वरून ऊन तिरप्या पट्ट्यांनी खाली उतरत होतं. कातळ, जो वर काळा होता, इथं जांभळा, शेंदरी, गुलाबी होता, फुलांनी भरलेला, आणि ती फुलं मिटत-उघडत होती. चांदीच्या नाण्यांसारखे मासे तिच्या चष्म्यासमोर थांबले, त्यांनी तिला बघितलं आणि वळले. कसलाही आवाज नव्हता. समुद्राकाठी जन्मलेल्या तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं की आत हे आहे. वडिलांनी नाही, नवऱ्यानेही नाही, कारण ते आयुष्यभर त्याच्या वरून गेले होते. अल्लाने हे बघायला कुणी नसताना इतकं सजवलं कशाला, असं तिला वाटलं, आणि ती दोरी हलवायची विसरली.

कमरेला जोराचा हिसका बसला. ती पाण्याबाहेर आली ती थेट अशरफच्या पायाशी. तो गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला होता, चांगल्या पॅन्टीसकट. चेहरा पांढराफटक.

"तू हलवली नायस," तो म्हणाला.

"आत्ताच तर गेले होते."

"खूप वेळ झाला, सईदा."

किनूने बोटांनी दाखवलं, एवढासा वेळ. पण अशरफच्या तळव्यांवर दोरीचे वळ उठले होते. म्हातारा जरा अंतरावर उभा होता. तो जवळ आला, अशरफच्या हातातून दोरी सोडवून घेतली, आणि त्याच्या खांद्यावर तीन बोटांचा हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये, खिंड मागे गेल्यावर, अशरफ म्हणाला, "तू गच्चीवर उभी असतेस ते फारूकने सांगितलं होतं मला. मला वाटायचं, वारा खायला जातेस."

"वाराही असतो," सईदा म्हणाली.

जूनच्या अखेरीस ते कुवेतला पोचले. फारूक दुसऱ्याच दिवशी आला. सईदा चहा ठेवायला आत गेली आणि जाताना म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नका हां. मला आता तसं नको."

"तुझ्यासाठी नाय," अशरफ म्हणाला. मग फारूककडे वळला. "बंदरवाल्यांना सांग, मला एक फेरी पुरी करायची आहे. कंपनीला माणूस मिळेपर्यंत. मग येतो."

ती फेरी उन्हाळ्यातली होती. टँकर जेटीवरून सुटला त्या दिवशी सईदा गच्चीवर गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे शरीफाने नेहमीसारखी खालून हाक मारली आणि सईदा ओढणी खोचून तिच्याबरोबर चालू लागली, तेव्हा शरीफाने चालता चालता दोनदा तिच्याकडे वळून बघितलं.

पाणी लांब होतं. ओल्या रेतीतून चालत चालत बाया गुडघाभर पाण्यात पोचल्या, तिथं बसल्या आणि गप्पा मारू लागल्या. सईदा पुढे गेली. कमरेइतकं पाणी लागायला बराच वेळ लागला. इथं कातळ नव्हता, कडा नव्हता, लाट म्हणावी अशी लाटही नव्हती. तिने श्वास घेतला, तोंड पाण्यात घातलं आणि डोळे उघडले.

डोळे चुरचुरले, मग थांबले. तळाची रेती पाण्याने नक्षी काढल्यासारखी वळ्यावळ्यांची होती, दूरवर, दिसेल तिथपर्यंत. त्यावरून सूर्याच्या उजेडाचं जाळं हलत होतं. एक नखाएवढा खेकडा पारदर्शक पायांवर तिरका चालत त्या उजेडातून निघाला होता. तो गेला तिथं मागे ठिपक्यांची एक ओळ उठत गेली आणि हळूहळू भरून आली.

"काय आहे तिथं?" मागून शरीफाने विचारलं.

सईदाने डोकं वर काढलं, केस मागे सारले. "इकडे ये," ती म्हणाली. "सांगून नाय कळायचं."